हात न लावायचं काम

भिंगरीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कागदोपत्री त्यांना चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते पूर्ण उच्चारून होईपर्यंत माणूस गल्लीच्या टोकाला पोचलेला असे, म्हणून लोकांनी त्याचा नाद सोडला. पायाला भिंगरी लागलेली माणसं सगळ्यांनीच पाहिलेली असतात. यांना ती सबंध अंगाला लागली होती. त्यांची आई सांगायची, हा पोटात असतानासुद्धा मला धड बसू देत नव्हता. लग्नाच्या फोटोत बायको स्वच्छ दिसते, तिच्या हातातल्या रुमालाची किनारसुद्धा दिसते, आणि शेजारी कोट घातलेलं एक धुकं उभं आहे. सासूबाई तो फोटो पाहुण्यांना दाखवायच्या आणि म्हणायच्या, “हे आमचे जावई. प्रत्यक्षच बघा, आणि जरा लवकर बघा.”

अशा माणसाने पोटापाण्यासाठी काय करावं? आधी घरच्यांनी त्यांना घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानात चिकटवलं. महिनाही झाला नसेल, दुकानदाराने हात जोडले. मग त्यांनी टपाल वाटलं. ते जमलं, नको इतकं जमलं. आपलं टपाल वाटून झालं की ते दुसऱ्या पोस्टमनच्या गल्ल्यांत शिरायचे, आणि त्यावरून ऑफिसात भांडणं व्हायची. मग लिफ्ट दुरुस्ती झाली, नाटकाच्या थिएटरात पडदा ओढणं झालं. तिथे एकदा नायिका मरायच्या आत पडदा पडला आणि तेही संपलं.

शेवटी चौकातल्या जुन्या पबने त्यांना पदरात घेतलं. वर बसायची जागा, खाली तळघर, मध्ये उभा दगडी जिना. भरलेली खोकी वर न्यायची, रिकामी खाली आणायची, नळ्या धुवायच्या, थंड करायचं यंत्र कुरकुरलं की त्याच्या पोटात हात घालायचा. पबच्या मालकीणबाई गुडघ्यांमुळे काउंटरमागच्या उंच स्टुलावरून सहसा उतरत नसत. त्यांना असा माणूस हवाच होता. “एका पगारात दोन माणसं ठेवल्यासारखं आहे,” त्या म्हणायच्या. “फक्त हाक मारली की दोघांपैकी एकही सापडत नाही.” म्हातारपण अशा रीतीने भिंगरीरावांना मानवलं होतं.

त्यांच्या पोटी आलेली एकुलती एक मुलगी मात्र आईवर गेली होती. आई शिंप्याच्या दुकानाची काजं-बटणं घरी बसून करायची. खिडकीजवळची तिची खुर्ची तिच्या आकाराची झाली होती. लेक तशीच, एकदा एखाद्या गोष्टीसमोर बसली की बसली. जुन्या लाँड्रीच्या शेडमध्ये दोन भावांनी छोटी ब्रुअरी काढली होती, तिथे ती बिअर बनवायची. भावांची बिअर सोनेरी, बर्फासारखी गार, वर टोपीएवढा फेस. ती खपायचीही बरी. पण लेकीच्या डोक्यात वेगळंच होतं. तिला जुन्या इंग्लिश पद्धतीची पेल एल नावाची बिअर करायची होती, तांब्याच्या रंगाची, बेताच्या फेसाची, नुसती गारसर, पिंपातच पिकणारी आणि पिंपातूनच ग्लासात येणारी. दोन हिवाळे ती त्याच्यामागे होती. धान्य कमी भाजून बघितलं, जास्त भाजून बघितलं, कडवटपणा आणणारी हॉप्सची फुलं बदलली, कितीतरी एल मोरीत ओतली. भाऊ कंटाळले. म्हणाले, “आठवड्याला एक पिंप घेणारा एक तरी पब दाखव. नाहीतर हे बंद.”

शहरातल्या सगळ्या पबवाल्यांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. मालकीणबाईंनी चहाही पाजला नाही, पण म्हणाल्या, “एक पिंप पाठव. शनिवारी दुपारी उघडायच्या आधी चाखते. आवडली तर घेईन. तुझा बाप इथे आहे म्हणून घेणार नाही.”

घरी जेवताना लेकीने हे सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. नाही जमलं तर दूरच्या शहरात एका मोठ्या कारखान्यात जागा आहे. तिथे भिंतीएवढ्या टाक्या असतात आणि बटणं दाबायची असतात. “मग जाईन तिकडे,” ती म्हणाली आणि पाण्याचा पेला उचलला. भिंगरीराव ताटावरून उठले आणि पुन्हा बसले. चालायला लागली की लेकीचे पाय मात्र बापाचे होते; संध्याकाळी त्यांच्याबरोबर त्यांच्या वेगाने फिरू शकणारं जगात ते एकच माणूस होतं.

गुरुवारी सकाळी बायको दाराशी उभी राहून म्हणाली, “मी दोन दिवस घरी नसेन. जेवण करून ठेवलंय, गरम करून घ्या.” भिंगरीराव एका पायात बूट घालून दुसरा शोधत होते. “हो हो,” म्हणाले आणि पळाले.

लेक पिंप घेऊन आली ती हातगाडीवरून. दोघांनी मिळून ते तळघरात लाकडी घोडीवर आडवं ठेवलं, दोन्ही बाजूंनी पाचरी मारल्या. तिने पुढे पितळी तोटी बसवली, वरच्या भोकात, आतला वायू बाहेर जायला, मऊ लाकडाची खुंटी ठोकली आणि वडिलांना समोर उभं केलं.

“बाबा, ही एल जिवंत आहे. आत यीस्टचं काम अजून चालू आहे. ते संपलं की यीस्ट तळाशी बसेल, साका धरेल, आणि वरची एल निवळेल. त्याला दोन दिवस लागतात आणि पिंप स्थिर लागतं. उद्या सकाळी ही मऊ खुंटी काढून ही टणक खुंटी घालायची. बाकी हात लावायचा नाही.”

“बाकी काय करायचं?”

“काही नाही. तेच काम आहे.”

आता हे कुणाला सांगितलं, तर भिंगरीरावांना. पण त्यांनी शपथ घ्यावी तशी मान हलवली. खोटं नव्हतं ते. जिवाच्या आकांताने काहीही न करायचं त्यांनी ठरवलं होतं.

दुपारपर्यंत त्यांनी नुसतं पाहिलं. तळघरात दुसरं काही करायला गेले तरी मान तिकडेच. मग दिसलं की पिंपावर हातगाडीची धूळ बसली आहे. लेकीचं पिंप, आणि धूळ? त्यांनी ओल्या फडक्याने ते पुसलं. पुसणं म्हणजे काही हात लावणं नव्हे. पुसताना कळलं की डावी पाचर किंचित ढिली आहे. ढिली पाचर ठेवली आणि पिंप घरंगळलं तर? तिला हातोडीने एक टोला दिला. मग उजवी बाजू वर आली असं वाटलं, म्हणून तिलाही दिला. मग खुंटीजवळ कान नेला तर आत फुसफुस चाललेली. ही फुसफुस बरी की वाईट, हे लेकीने सांगितलं नव्हतं. त्यांनी खुंटी जरा सैल केली, फुसफुस वाढली, म्हणून घाबरून पुन्हा ठोकली.

संध्याकाळी त्यांनी तोटी उघडून ग्लासात बोटभर एल काढली. नुसती बघायला. एल गढूळ होती. अहो, असणारच. पण गढूळ एल डोळ्यांनी पाहिल्यावर माणसाने शांत कसं राहायचं? ते तीनदा जिना चढले आणि उतरले. मालकीणबाईंनी विचारलं, “काय शोधताय?” तर म्हणाले, “काही नाही.” हे मात्र खरं होतं.

ती बोटभर एल मग त्यांनी चाखली. आधी कच्च्या कणकेसारखा यीस्टचा वास आला, आणि त्याच्या आडून काहीतरी निराळं. भाजलेल्या पावाची कड दातांखाली यावी तशी गोडी, मग संत्र्याच्या सालीचा वास, आणि घोट घशाखाली गेल्यावर, आता संपलं म्हणताना, जिभेच्या मागच्या टोकाला चढत जाणारं कडवटपण. जन्मभर त्यांनी बिअर प्यायली ती उभ्याउभ्या, तहान लागली म्हणून, दोन खेपांच्या मध्ये. या एका घोटाला ते काय येतंय म्हणून थांबले. आपल्या मुलीने हे केलंय, या विचाराने त्यांना फार बरं वाटलं आणि लगेच फार भीती वाटली. इतकी चांगली गोष्ट आपल्या ताब्यात आहे.

शुक्रवारी सकाळी खुंटी बदलली. एल काढून बघितली, गढूळ. दुपारी बघितली, गढूळ. दर वेळी तोटी उघडली की आतला साका ढवळला जातो आणि वायू निसटतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या तळघरात त्यांनी जन्म नाही तरी बरीच वर्षं काढली होती. पण ठाऊक असणं डोक्यात असतं आणि तोटी हाताशी असते. मग त्यांच्या मनाने घेतलं की दोष जागेचा आहे. थंड करायच्या यंत्राची थरथर घोडीपर्यंत येत असणार. समोरचा कोपरा शांत आहे. सोडा पोचवायला आलेल्या टेंपोवाल्याला त्यांनी हात लावायला बोलावलं. “हळू,” ते म्हणत राहिले, “अगदी हळू.” पिंप उचलून झालं, तेव्हा आतून एक घळकन आवाज आला.

रात्री घरी झाकलेलं जेवण तसंच राहिलं. बायको नव्हती, लेक ब्रुअरीत राहिली होती. घरभर फिरायलाही फारशी जागा नव्हती, तरी ते फिरले.

शनिवारी सकाळी त्यांनी शेवटचा ग्लास काढला आणि जाळीतून येणाऱ्या उजेडात धरला. ढवळलेलं डबकं. वर फेसाचं एक दमलेलं कडं. चव घेतली तर ते चढत जाणारं कडवटपण चिखलात रुतून बसलेलं, आणि सगळं सपक. दोन हिवाळे लेकीने जे केलं, त्यावर त्यांनी दोन दिवसांत पाणी फिरवलं होतं, तेही तिला मदत करता करता. ते रस्त्यावर आले. चौकाला वळसा घातला, टपाल ऑफिसपर्यंत गेले, तिथून उगाच परत आले. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. यंत्र बिघडलं होतं म्हणावं. पिंपाचा दोष म्हणावा. पिंपाचा म्हणजे ब्रुअरीचा, आणि ब्रुअरीचा म्हणजे तिचाच. प्रत्येक वाक्य फिरून लेकीच्याच माथी जात होतं.

पबमध्ये शिरले तेव्हा मालकीणबाई काउंटर पुसत होत्या.

“बाई, चाखायच्या आधी ऐका. पोरीच्या हातात काही दोष नाही. एल खराब झालीये ती माझ्यामुळे. मी पिंप हलवलं.”

“किती वेळा?”

“मोजलं नाही. तोटीही उघडली. पुष्कळदा. पाहिजे तर मला काढून टाका, पण तिला आणखी एक पिंप पाठवू द्या. खाली दुसरं कुणीतरी ठेवा.”

मालकीणबाईंनी फडकं घडी करून ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि त्यानेच भिंगरीराव जास्त घाबरले. गुडघ्यांवर हात टेकत त्या स्टुलावरून उतरल्या. “चला वर,” म्हणाल्या.

वरच्या मजल्यावर टेबलक्लॉथ आणि पडदे ठेवायची एक छोटी खोली होती. उत्तरेकडची, बाराही महिने गार. दाराशी लेक उभी होती. आत कपाटांच्या मधोमध, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं दुसरं पिंप लाकडी घोडीवर आडवं होतं. आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून, मांडीवर शर्टांचा ढीग घेऊन त्यांची बायको काजं करत बसली होती.

“तू इथे?” भिंगरीराव म्हणाले.

“दोन दिवस,” बायको म्हणाली. “कुठे चाललीस म्हणून विचारलं असतंत तर सांगितलं असतं.” आणि तिने दातांनी दोरा तोडला.

पुढचं त्यांनी अंगातली हवा गेल्यासारखं पाहिलं. लेकीने तोटीखाली ग्लास धरला. एल आली ती घासलेल्या तांब्याच्या रंगाची, स्वच्छ, पलीकडची खिडकी दिसावी इतकी. मालकीणबाईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “गार नाही.” दुसरा सावकाश घेतला. तिसऱ्यानंतर त्यांनी ग्लास खाली ठेवला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उचलला. लेक एकटक त्यांच्या गळ्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिची बोटं चुळबुळत होती.

“गार नाही, फेस नाही,” मालकीणबाई म्हणाल्या, “आणि अर्धा ग्लास कधी संपला ते कळलं नाही. गिऱ्हाइकं आधी शिव्या देतील. देऊ देत. आठवड्याला एक पिंप पाठव.”

लेक खालीच बसली, जमिनीवर, आणि हसायला लागली. भिंगरीरावांनाही हसू आलं. पोरगी राहणार होती, ह्याच शहरात, ह्याच घरात. मग हसता हसताच त्यांना कळलं की आपल्याला मुद्दाम खाली गुंतवून ठेवलं होतं, आणि कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. ते वळले आणि जिना उतरून थेट तळघरात गेले.

लेक मागोमाग आली. ते खोक्यांची उतरंड उगाच एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे नेत होते.

“तुझा माझ्यावर विश्वास नव्हता,” ते म्हणाले.

“नव्हता, बाबा.” तिने उगाच गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. “बाकी सगळ्यात आहे. ह्या एका गोष्टीत नव्हता.”

“मग मला पिंप कशाला दिलंस?”

“नसतं दिलं तर तुम्ही वरचं शोधून काढलं असतंत.”

हे इतकं खरं होतं की त्यांनी आणखी एक खोकं उचललं. “पाणी भरून द्यायचंस.”

“तुम्ही चाखल्याशिवाय राहिला असतात?”

“म्हणजे खालचीही तीच होती?”

“तीच. एकाच दिवशी भरलेली दोन्ही पिंपं.” तिने कोपऱ्यातल्या पिंपाकडे पाहिलं. “पहिल्या दिवशी कशी होती?”

भिंगरीरावांनी खोकं खाली ठेवलं. “गढूळ होती. पण मागून ते कडू यायला लागलं ना, तेव्हा मी थांबलो होतो.” लेकीचे डोळे भरून आले. वरून मालकीणबाई तिला बोलवायला लागल्या, म्हणून ती डोळे पुसत गेली.

थोड्या वेळाने जिन्यावर सावकाश पावलं वाजली. बायको एकेक पायरी बघून उतरत होती, दोन्ही हातांत भरलेले ग्लास. पबच्या तळघरात ती कधीच आली नव्हती. तिने इकडेतिकडे पाहिलं, एका खोक्यावर बसली आणि एक ग्लास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला, पण उभ्यानेच.

“मला सांगायचंस तरी,” ते म्हणाले.

“सांगितलं असतं तर तुम्ही मदतीला आला असतात.”

त्यांनी घोट घेतला. पावाच्या कडेची गोडी, संत्र्याची साल, आणि मग ते कडू, ह्या वेळी अडखळल्याशिवाय वर चढत गेलेलं. चांगली होती. खालच्या पिंपातलीही अशीच झाली असती. ते वाईट वाटणं बाजूला सारायला त्यांनी सुचेल ते विचारलं. “दोन दिवस नुसती एका पिंपाशेजारी बसलीस. कंटाळा नाही आला?”

“नाही. सवय आहे.” तिने ग्लासाकडे पाहत सांगितलं. आवाजात राग नव्हता, बटणाचा रंग सांगावा तसं ती सांगत होती. “लग्न झालं तेव्हापासून बसूनच आहे की. तुम्ही आलात तर वाढायचं, नाही आलात तर झाकून ठेवायचं. टपालाच्या वेळी वाट बघितली, लिफ्टच्या वेळी बघितली. पिंप त्यामानाने बरं. निदान जागेवर होतं.”

ही थट्टा असणार, म्हणून भिंगरीरावांनी हसायला तोंड उघडलं, आणि तिच्याकडे पाहून मिटलं. ती थट्टा करत नव्हती. तिला बसायला आवडतं, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. लोकांना कौतुकाने सांगायचे, आमच्या हिला हलायलाच नको. आपण सतत निघून जात होतो म्हणून तिला राहावं लागलं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. त्यांना तिची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली. ती इतकी वाटली की कान तापले.

ते तिच्यासमोरच्या खोक्यावर बसले. लगेच उजवा पाय हलायला लागला, त्याला त्यांनी हलू दिलं.

“वर जेवायचं काय केलंस?” त्यांनी विचारलं.

बायकोने चमकून पाहिलं. असलं काही त्यांनी विचारल्याला किती काळ लोटला होता कोण जाणे. “मालकीणबाई द्यायच्या पाठवून,” ती म्हणाली. “त्यांच्याकडचा आचारी मिठाला फार जपतो. पहिल्या दिवशी तर...” आणि ती सांगू लागली. आचाऱ्याचं, रात्री पडद्यांच्या ढिगावर झोपल्याचं, पहाटे पिंपातली फुसफुस बंद झाली तेव्हा घाबरून लेकीला फोन केल्याचं. मध्येच थांबून ती एक घोट घ्यायची, आणि तो घेतानाही घाई नव्हती. भिंगरीरावांचा ग्लास केव्हाच रिकामा झाला होता.

वरून मालकीणबाईंची हाक आली. सोड्याची खोकी हवी होती. भिंगरीराव अर्धे उठले.

“जा,” बायको म्हणाली. “नंतर सांगेन.”

“नको. तुझं होऊ दे.” ते परत बसले.

पुन्हा हाक आली. “आलो,” भिंगरीराव जिन्याकडे तोंड करून ओरडले, आणि बसून राहिले.